बाबांची मान आणि माझा डोळा

पहिल्यांदा माझा डोळा लाल झाला तेव्हा घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. संत्र्यांचे दिवस होते. माय बोरगावकडच्या एका बगिच्यात संत्री निवडायला जायची आणि रविवारी मी तिच्यासोबत. झाडाखाली तणस अंथरलेलं असायचं, त्यावर मोठी, मधली आणि डागी असे तीन ढीग, आणि बायका बोलता बोलता फळ नुसतं हातात घेऊन कुठल्या ढिगात टाकायचं ते ठरवायच्या. दुपारी भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. जेवल्यावर एखादं डागी संत्रं सोलून खायची मुभा असे. त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर उजवा डोळा लालभडक. माय म्हणाली, "सालीचा फवारा उडाला असंन. पानी मार." दुसऱ्या दिवशी लाली वाढली तेव्हा शेजारच्या कौसल्याबाईंनी दारातूनच निदान केलं, "पोट्टीचे डोये आले. दूर ठेव तिले."

मग जे सगळीकडे होतं तेच झालं. माझा टॉवेल वेगळा, उशी वेगळी. हळदीत पिवळा केलेला फडका, गुलाबपाणी, तुरटीच्या पाण्याचा शेक. कौसल्याबाईंची सून बाळंतीण होती, तर तिचं दूधही वाटीत आलं आणि डोळ्यात पडलं. शाळेत गेले तेव्हा बाईंनी लांबूनच हात हलवून घरी पाठवलं. बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि मी सौसर गावातल्या आमच्या दोन खोल्यांत इकडून तिकडे चकरा मारत होते. बसलं की कपाळ ठणकायचं, आडवं झालं की डोळ्यामागं कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं व्हायचं. दारातून येणारा उजेड मिरचीसारखा झोंबायचा. मायनं खिडकीला गोणपाट ठोकलं, त्याच्या विणीतून येणारे बारीक कवडसेही मला सोसवत नव्हते. आणि एक गोष्ट वेगळी होती. कौसल्याबाईंच्या नातवाचे डोळे आले तेव्हा सकाळी त्याच्या पापण्या चिपडांनी चिकटून बसायच्या. माझ्या डोळ्यात चिपडं नव्हती. नुसतं पाणी, लाली आणि दुखणं. हे मी मायला सांगितलंही, पण तिला ते बरं लक्षण वाटलं. "घान नाही नं? मंग उतरंन दोन दिवसात."

बाबा मात्र वेगळंच विचारत. ते तहसील कचेरीत चपराशी होते. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी माझ्यापुढं उभे राहत आणि विचारत, "उजेड टोचते का?"

"हो."

"वरून खाजते, का आतून दुखते?"

"आतून. इथं, भुवईत."

मग अंगणात निघून जात. मला वाटायचं, बापाची माया. असे नेमके प्रश्न त्यांना कुठून सुचत असतील, हा विचार सोळाव्या वर्षी कुणाच्या मनात येतो?

बाबांबद्दल सांगायला हवं. आमच्या बौद्ध वस्तीत त्यांना फार मान होता आणि त्याचं कारण म्हणजे त्यांची ताठ पाठ. सौसरच्या आधी आम्ही पांढुर्ण्याला होतो. तिथल्या कचेरीत एकदा एका साहेबांनी टेबलावरची फाईल खाली पाडली आणि बाबांना म्हटलं, "उठाओ." बाबा उभेच राहिले. साहेब दुसऱ्यांदा ओरडले. बाबा तरी तसेच, सरळ, समोरच्या भिंतीकडं बघत. महिन्याभरात बदली झाली आणि आमचं बिऱ्हाड सौसरला आलं. ही गोष्ट आमच्या आधीच इथं पोचली होती. कोणाच्या पुढं न वाकणारा माणूस! विहारात म्हातारी माणसं पोरांना त्यांच्याकडं बोट दाखवून सांगत. रस्त्यात कुणी हाक मारली तर बाबा मान न वळवता अख्खे वळत, एखाद्या शिपायासारखे, आणि मग बघत. कचेरीतले लोक त्यांना 'अकडू' म्हणत. मीही शाळेत जाताना मान ताठ ठेवून चालायची. पहाटे अंधारात ते उठून अंगणात तासभर चालत, त्यांच्या चपलांचा घासत जाणारा आवाज ऐकतच मी मोठी झाले. ते फळीवर झोपत. माय रोज सकाळी त्यांच्या कमरेला गरम तेल लावी. पांढुर्ण्याला असताना पोती उचलली होती, त्याचं दुखणं, असं घरात म्हणत.

आठवड्याभरात लाली ओसरेना तेव्हा बाबांनी मला बाजाराच्या रस्त्यावर एका कंपाउंडरकडं नेलं. तो कधीकाळी कुठल्याशा दवाखान्यात होता, आता एका टेबलावर बाटल्या मांडून बसायचा. त्यानं पापणी ओढून बघितलं आणि एक छोटी बाटली दिली. आतलं औषध दुधाळ, टाकायच्या आधी हलवायचं. काय सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळी मला गोणपाट काढावंसं वाटलं! चौथ्या दिवशी डोळा पांढरा झाला. मायनं त्या कंपाउंडरला संत्र्यांची टोपली पाठवली. बाटली बंद केली, आणि दहा दिवसांनी डोळा पुन्हा लाल, आधीपेक्षा जास्त. पुन्हा तीच बाटली, पुन्हा आराम, पुन्हा बंद, पुन्हा लाल. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला बाटलीचाही उपयोग होईना. एके दुपारी मी सहज डावा डोळा झाकला आणि समोर चूल पेटवत असलेली माय मला दिसेचना. वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं, एक हलणारी सावली.

मी ओरडले. माय फुंकणी टाकून धावत आली. संध्याकाळी बाबांना सांगितलं तेव्हा ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झालेला मी आधी पाहिला नव्हता. "उद्या नागपूर," एवढंच म्हणाले.

त्या वेळी छोट्या लाइनची गाडी होती. सौसरहून निघाली की लोधीखेडा करत, रमतगमत, प्रत्येक ठिकाणी पाणी पिऊन आल्यासारखी थांबत ती नागपूरला जायची. डोळ्यावर मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी, वरून पदर. तरी झाडांच्या सावल्या आणि ऊन एकामागून एक पट्टीवर आपटत होते, मला प्रत्येक वेळी मळमळून यायचं. बाबा बाकावर बसले नाहीत. अख्खा रस्ता दाराशी उभे. मधूनमधून येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवत, परत जात. त्यांना बसवत नव्हतं. मला राग येत होता की हे माझ्याजवळ का बसत नाहीत.

मोठ्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. पांढरे केस, आवाज करडा. त्यांनी मला एका यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि फटीएवढा उजेड डोळ्यात सोडला. मी किंचाळले. "थोडं सोस गं बाळा," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग बाबांकडं न बघताच विचारलं, "कोणते थेंब टाकले?" बाबांनी खिशातून बाटली काढली. बाईंनी ती वाचली आणि टेबलावर आपटली.

"डोळे आले म्हणून टाकले ना? हिचे डोळे आलेले नाहीत. डोळे येतात ते वरच्या पातळ पडद्याला. चिपडं येतात, खाजतं, घरभर पसरतं आणि जातं. हिची सूज आत आहे. बुबुळामागचा रंगीत पडदा सुजलाय, आणि सुजून मागच्या भिंगाला चिकटायला लागलाय. बाहुली बघा, गोल राहिली नाही."

"मंग हे दवाई खराब होती का?" बाबांनी विचारलं.

"औषध हेच आहे, मीही हेच देणार. पण किती, किती दिवस आणि कसं कमी करायचं, हे बघून द्यावं लागतं. बरं वाटलं की एकदम बंद केलंत, सूज दुप्पट होऊन परत आली. आणि न तपासता वर्षानुवर्षं टाकत राहिला असतात तर याच औषधानं डोळ्यातला दाब वाढून डोळा गेला असता."

मग त्यांनी प्रश्न सुरू केले. ताप येतो का, खोकला, वजन उतरलं का, गुडघे सुजतात का, तोंडात फोड येतात का. सकाळी उठल्यावर अंग आखडतं का. मी नाही म्हणत गेले. "घरात कुणाला पाठीचं दुखणं? कुणाचा डोळा असा झाला होता?"

"नाही," बाबा म्हणाले.

बाई कागदावर लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी बाजूच्या कपाटाकडं हात केला, "ती वरची फाईल द्या बरं." बाबा वळले. मान नाही, अख्खे. खांद्यापासून पायापर्यंत, पावलं उचलून. बाईंचं पेन थांबलं.

"तुम्ही मान का वळवत नाही?"

"सवय हाय जी."

"या इकडं. भिंतीला टाच लावून उभे राहा. आता डोकं मागं टेकवा भिंतीला."

बाबा उभे राहिले. डोकं भिंतीला टेकेना. मधे चार बोटं मावतील एवढी जागा राहिली. ते जोर करत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या आणि डोकं तिथंच. जो माणूस वस्तीत सगळ्यात ताठ म्हणून ओळखला जायचा, त्याची पाठ वरच्या बाजूनं पुढं वाकलेली होती आणि ती त्याला सरळ करता येत नव्हती. बाईंनी वाकायला सांगितलं. कमरेतून ते तसूभरही हलले नाहीत.

"पाठ सकाळी जास्त दुखते आणि चालल्यावर मोकळी होते, बरोबर? बसलं की आखडते?"

बाबांचा हात आपसूक कमरेकडं गेला.

"बसा यंत्राशी. तुमचे डोळे बघू."

मी एका डोळ्यानं बघत होते. बाईंनी बाबांच्या उजव्या डोळ्यात उजेड टाकला, मग डाव्या. डाव्याशी थांबल्या. सावकाश विचारलं, "यानं किती दिसतं?"

खोलीत दुसरे रुग्ण होते, कुणीतरी बाळ रडत होतं. बाबा फार हळू म्हणाले, "उजेड दिसते. मानूस नाही दिसत."

"कधीपासून?"

"बावीस वर्षाचा होतो तवापासून. असाच लाल व्हायचा, जायचा. मंग एक डाव गेलाच."

पाठीच्या मणक्यांचा हा आजार असतो, बाई समजावत होत्या. मणके हळूहळू एकमेकांना जुळून हाडाची काठी होते. त्याच लोकांच्या डोळ्याला आतून सूज येते. बापाकडून लेकराकडं उतरू शकतो, उतरेलच असं नाही. हिची पाठ आज चांगली आहे, पण लक्ष ठेवायचं. मी हे सगळं ऐकत होते आणि काहीच ऐकत नव्हते. माझ्या कानात बाबांचे संध्याकाळचे प्रश्न वाजत होते. उजेड टोचते का? आतून दुखते का?

मला चार दिवस ठेवून घेतलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सुई दिली, ती आठवण आजही मी कुणाला नीट सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बाबा चकरा मारत होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तुमाले मालूम होतं."

ते थांबले.

"मले पहिल्याच दिवशी विचारलं तुमी. मालूम होतं, तरी कंपाउंडरकडं नेलं. इथं डॉक्टरबाईलेही नाही म्हनलं."

"वाटलं होतं, तुहा येगळा असंन. देवाले नाही मानत आपन, पन रोज मनात म्हनून राहिलो होतो, येगळा असू दे म्हनून."

"आन् पांढुर्ण्याची फाईल?"

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "वाकता येत नव्हतं पोरी. त्या दिवशी त पाठ अशी धरली होती का श्वास घेता येत नव्हता. साहेब ओरडून राहिला होता, मी उभा. लोकायनं म्हनलं, वाकला नाही. अकडू म्हनलं त नोकरी राहते. एका डोयाचा, हाडं जुळलेला म्हनलं असतं त कोन ठेवलं असतं मले? मंग मी बी काही बोललो नाही."

मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. वाईट बोलले. आज मी तेव्हाच्या बाबांपेक्षा कितीतरी मोठी आहे, निवृत्त शिक्षिका आहे, आणि अजूनही ते शब्द आठवले की उठून दुसऱ्या खोलीत जाते.

घरी आल्यावर औषधांचा हुकूम सुरू झाला. पहिले दिवस दर तासाला दुधाळ थेंब. मग दोन तासांनी, मग चारदा, मग तीनदा, आणि कमी करायचं ते प्रत्येक वेळी नागपूरला दाखवून, डोळा कितीही पांढरा दिसो. दुसरे थेंब बाहुली मोठी करायचे, म्हणजे पडदा चिकटू नये. त्यांनी उजेड आणखी खुपायचा आणि जवळचं अक्षर त्या डोळ्याला दिसायचंच नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवले की ओळी एकमेकींवर चढायच्या. मायला घड्याळ कळत नव्हतं. दोन दिवसांत शिकली. काटा बारावर आला की हातातलं पीठ धुऊन बाटली हलवत यायची. पण ती बाबांशी बोलत नव्हती. पाठीचं तिला ठाऊक होतं, इतकी वर्षं तीच तेल लावत होती. डोळ्याचं नव्हतं. अठरा वर्षं एका घरात राहून नवऱ्याचा एक डोळा आंधळा आहे हे आपल्याला कळलं नाही, याचा राग तिला जास्त त्याच्यावर आला की स्वतःवर, मला सांगता येत नाही. भाकर वाढायची, पाणी ठेवायची, तोंडातून शब्द नाही.

बाबांनी रजा काढली. दिवसभर माझ्यापुढं उभे राहून ते मला माझी पुस्तकं वाचून दाखवत. इतिहास, भूगोल, मराठी. चौथी शिकलेला माणूस, अडखळत वाचायचा, पुस्तक उजव्या डोळ्याजवळ धरून. आता ते का तसं धरतात हे मला दिसत होतं. मीही त्यांच्याशी धड बोलत नव्हते. "पुढचं पान," एवढंच.

चौथ्या रविवारी विहारात वंदना झाली. मी हिरवा चष्मा लावून मागं मायजवळ बसले होते. वंदनेनंतर वस्तीतले एक गुरुजी पोरांना चार शब्द सांगत, त्यांनी त्या दिवशीही पांढुर्ण्याची ती गोष्ट काढली. आपला माणूस कसा उभा राहिला, साहेब कसा लालेलाल झाला. पोरं वळून वळून बाबांकडं बघत होती. आणि बाबा कडेच्या बाकावरून उठले.

"गुरुजी, थांबा. ते तसं नाही झालं."

गुरुजी हसले. त्यांना वाटलं, विनय.

"मी वाकलो नाही, कारन मले वाकता येत नव्हतं. माह्या मनक्याची हाडं जुळली हायत. हा डावा डोया बी गेला हाय, वीस वर्ष होतात. लपवलं मी. लपवलं म्हनून माह्या पोरीचा डोया जाऊन राहिला होता." मग ते अख्खे वळून बायकांच्या बाजूला तोंड करून बोलू लागले. "म्हनून सांगतो. डोया लाल झाला, चिपडं नाहीत, उजेड सोसत नाही, भुवईत दुखते, असं असलं त बाजारातली बाटली टाकू नका. नागपूरले न्या. लवकर न्या. पैसा नसंन त माह्याकडं या, आपन पाहू. आन् ज्याची पाठ सकाळी धरते त्यानंही दाखवा."

मागून एक तरुण हलकेच म्हणाला, "म्हंजे नुसतंच दुखनं होतं," आणि दोघे तिघे हसले. बाबांनी ते ऐकलं. बसता येईना म्हणून ते बाहेर निघून गेले.

पुढं जे झालं ते एका रंगाचं नाही. वस्तीतल्या काहींनी त्यांना पूर्वीसारखं बोलावणं सोडलं. बाबांनी डॉक्टरबाईंची चिठ्ठी स्वतःच कचेरीत नेऊन दिली. नोकरी गेली नाही. त्यांना आवक-जावकच्या टेबलाशी बसवलं, आणि दिवसभर बसणं हेच त्यांच्या पाठीला सगळ्यात वाईट, म्हणून ते दर अर्ध्या तासाला उठून उभे राहत आणि बाबू लोक चिडत. पंधरा दिवसांनी रामाकोन्याहून एक बाई डोळ्याला फडका बांधून आमच्या दारात आली. बाबांनी तिला आत बसू न देताच तीन प्रश्न विचारले आणि पुढच्या गाडीनं तिच्यासोबत नागपूरला गेले. तिचा डोळा वाचला. मी बोर्डाची परीक्षा दिली, तिसऱ्या श्रेणीत पास झाले. माझा डोळा राहिला. बाहुली मात्र कायमची वेडीवाकडी आहे, कडेला एक कोर उडालेल्या बांगडीसारखी. त्यानंतर तो पाच वेळा सुजला आणि प्रत्येक वेळी मी त्याच दिवशी डॉक्टर गाठला. तिशीत माझीही पाठ धरू लागली. मी लपवलं नाही. शाळेत मुलांना सांगितलं, मला खडू पडला तर उचलून द्या रे.

पण मला लिहायचं होतं ते त्या रविवारचं. विहारातून आम्ही घरी आलो तेव्हा बाबा आधीच अंगणात चालत होते. मायनं चूल पेटवली, वरण टाकलं. कण्या शिजल्या. मी थेंब टाकून भिंतीशी बसले होते. बाबा आत आले, पाटावर बसता येत नसे म्हणून खाटेच्या कडेला टेकले, आणि मायनं त्यांच्यापुढं स्टुलावर ताट ठेवलं. डाव्या बाजूला पाण्याचा लोटा, तिची रोजची जागा. बाबांच्या हातून तो लोटा नेहमी लवंडायचा. "ध्यान कुठं राहते तुमचं?" असं माय जवळपास रोज म्हणायची, मी लहान होते तेव्हापासून.

बाबांनी जेवायला सुरुवात केली. माय चुलीकडं गेली, परत आली, उभी राहिली. मग तिनं वाकून तो लोटा उचलला आणि त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. आणि स्वतःही, राख लागलेल्या हातांनी लुगडं सावरत, त्याच बाजूला येऊन बसली.

"जेवा," ती म्हणाली.

तेवीस दिवसांनंतरचा तो तिचा पहिला शब्द होता. बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही. मग ते सबंध तिच्याकडं वळले.